थर्मल की कंपनीचं? मेनिफोल्डचं पॅकिंग बदलण्याआधी एवढं बघा

उज्जैन : मागच्या मे महिन्यात आईला घेऊन ओंकारेश्वर, मग महाकाल असा बेत केला. रावेरहून बऱ्हाणपूर, खंडवा, बडवाह, भेरूघाट करत इंदूर गाठलं. तिथपर्यंत गाडी ठीक होती. उज्जैनच्या गर्दीत शिरलो आणि देवास गेटच्या बस स्टँडजवळ गाडीने दगा दिला. सिग्नलला उभी असताना रेस आपोआप चढायची, उतरायची आणि इंजिन बंद पडायचं. बॉनेट उघडलं तर सापाच्या फुत्कारासारखा आवाज. पहाटे चारची भस्मारती बुक होती. आई बायकोबरोबर रिक्षाने मुक्कामाला गेली आणि मी गॅरेजमध्ये बसलो.

मेकॅनिक वयस्कर. आमचं बोलणं ऐकून तो मराठीत आला. यात नवल नाही. १८१०मध्ये दौलतराव शिंदे ग्वाल्हेरला जाईपर्यंत शिंद्यांची राजधानी उज्जैनच होती, आणि तेव्हापासूनची मराठी घरं इथे आजही आहेत. त्याने इंजिनला टॉर्च लावून विचारलं, "भाऊ, हे पॅकिंग कुणी टाकून दिलं?"

टाकून घेतलं होतं मीच. निघायच्या आठवडाभर आधी आमच्याकडच्या एका दुकानदाराने सुचवलं होतं, "उन्हाळा आहे, थर्मल गॅस्केट टाका. हवा थंड जाईल, पिकअप वाढेल, पेट्रोल वाचेल." मी कॉमर्सचा माणूस. तीन फायदे ऐकले आणि पैसे दिले. त्या चुकीतून जे शिकलो ते इथे मांडतो. गाड्या सगळ्यांकडे आहेत आणि हा प्रश्न कुणालाही विचारला जाऊ शकतो.

हे पॅकिंग करतं काय?

एअर फिल्टरमधून आलेली हवा प्रत्येक सिलिंडरला वाटून देणारा पाइपांचा गठ्ठा म्हणजे इनटेक मेनिफोल्ड. तो इंजिनच्या हेडला बोल्टने बसतो. या दोघांच्या मधली फट बंद करणारी वस्तू म्हणजे गॅस्केट, आपल्या भाषेत पॅकिंग. पेट्रोल इंजिन हळू चालत असताना मेनिफोल्डच्या आत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा बराच कमी असतो. फट राहिली की बाहेरची हवा न मोजता आत ओढली जाते आणि पेट्रोल-हवेचं गणित बिघडतं. रेस चढ-उतार करते, मिसिंग होतं, चेक इंजिनचा दिवा लागतो. माझ्या गाडीला नेमकं हेच झालं होतं.

म्हणजे पॅकिंगचं पहिलं काम सील करणं. उष्णता अडवणं हे झालं तर वरचं काम.

थर्मलचा दावा खोटा आहे का?

खोटा नाही, पण अर्धा आहे. हेड तापलेलं असतं आणि ती उष्णता मेनिफोल्डमध्ये चढते. मधे उष्णता न वाहणारा जाड थर घातला तर मेनिफोल्ड कमी तापतो, हे तत्त्व जुनंच आहे. कार्बुरेटरच्या मोटारसायकलींमध्ये कार्बुरेटर आणि हेडच्या मधे काळा टणक ठोकळा असतो, तो याचसाठी. तो बॅकेलाइटच्या जातीचा. थर्मल गॅस्केटही बहुतेक त्याच फेनोलिक जातीच्या पत्र्याची असतात. पूर्वी अ‍ॅम्बॅसेडर आणि फियाटवाले घाटात पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचे, तोही उष्णतेशीच झगडा. तापलेल्या पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडायची.

आता हिशोब करू. हवा जितकी थंड तितकी दाट. ५० अंशांची हवा ४० अंशांवर आणली तर ती साधारण ३ टक्के दाट होते. म्हणजे पूर्ण १० अंशांचा फरक पडला तरी फायदा ३ टक्क्यांच्या आसपास. आणि तेवढा फरक पडणं अवघड असतं. १२०० सीसीचं इंजिन ३००० फेऱ्यांवर, एक्सलेटर पूर्ण दाबलेला असताना, सेकंदाला जवळजवळ ३० लिटर हवा ओढतं. मेनिफोल्डच्या आतली जागा तीन लिटर धरली तर हवा तिथे सेकंदाचा दहावा भाग थांबते. एवढ्यात ती किती तापणार? शिवाय बोल्ट धातूचेच राहतात, तेही उष्णता पोहोचवतात. फरक जाणवलाच तर संथ ट्रॅफिकमध्ये, किंवा गरम इंजिन बंद करून थोड्या वेळाने पुन्हा सुरू करताना.

खरा प्रश्न : मेनिफोल्ड कशाचा आहे?

देवास गेटच्या मेकॅनिकने माझ्या मेनिफोल्डवर बोटाने टकटक केलं. "प्लास्टिकचा आहे. याला थर्मल कशाला पाहिजे होतं?"

आजच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांमध्ये मेनिफोल्ड काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा असतो. ॲल्युमिनियममधून उष्णता जितकी वाहते, त्याच्या शेकडो पट कमी नायलॉनमधून वाहते. म्हणजे कंपनीने मेनिफोल्डच थर्मल दिलेला असतो. वरून थर्मल पॅकिंग घालणं म्हणजे रेनकोटवर छत्री.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. अशा मेनिफोल्डला खाच असते आणि कंपनीचं पॅकिंग त्या खाचेत बसणारं साच्यातलं रबर असतं. किती दाबलं जावं हे ठरवायला बोल्टच्या भोकात धातूच्या बांगड्या असतात. माझ्या गाडीत ते रबर काढून सपाट पत्रा ठेवला होता आणि फट भरायला सिलिकॉन फासलं होतं. सपाट पत्र्याला धरायला तिथे पुरेशी जागाच नाही. जास्त आवळलं तर प्लास्टिकला तडा जाण्याची भीती वेगळी.

मग थर्मल कुणी घ्यावं?

मेनिफोल्ड ॲल्युमिनियमचा असेल, जोड सपाट असेल, गाडी जुनी किंवा हौसेची असेल आणि पॅकिंग त्याच इंजिनसाठी बनवलेलं असेल, तर विचार करायला हरकत नाही. तरी चार गोष्टी तपासा.

– जाडी : पॅकिंग जाड असेल तर बोल्ट हेडमध्ये कमी शिरतात. लांब बोल्ट लागतात, ब्रॅकेट आणि पाइप जुळतात का तेही बघावं लागतं.

– पाण्याची वाट : काही इंजिनांत कूलंट याच जोडातून जातो. तिथे चुकीचं पॅकिंग बसलं तर कूलंट बाहेर गळतो किंवा थेट इंजिनच्या आत जातो.

– थंडी : काही जुन्या कार्बुरेटर इंजिनांत मेनिफोल्ड मुद्दाम गरम ठेवतात, म्हणजे पेट्रोलची वाफ नीट होते. तिथे उष्णता अडवली तर हिवाळ्यात सकाळी गाडी कुरकुरते.

– वॉरंटी : गाडी वॉरंटीत असेल तर बदल करण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

बाकी सगळ्यांनी कंपनीचं घ्यावं. आरसीवर असलेल्या चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढून मागा. नुसतं "या गाडीचं द्या" म्हटलं की चुकीचं मॉडेल हातात येतं.

बसवण्यातच निम्मं काम

पॅकिंग कोणतंही असो, ते बसवतात कसं यावर बरंच अवलंबून. इंजिन थंड हवं. जुनं पॅकिंग पूर्ण खरवडून, पण पृष्ठभागाला ओरखडा न पाडता काढायला हवं. जोड वाकडा नाही ना, हे सरळ पट्टी आणि फीलर गेजने बघावं. साच्यातल्या रबरावर, कंपनीने सांगितलं नसेल तर, सिलिकॉन नको. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने आवळावेत. काढलेलं रबर परत घालू नये.

गळती शोधायला मेकॅनिकने जोडावर कार्ब क्लीनरचा थोडा फवारा मारला, तशी रेस लगेच बदलली. हे घरी करू नका. तो फवारा पेट घेतो. डिझेल गाडीवर तर असला फवारा मुळीच नको.

हिशोब

कंपनीचं रबर इंदूरहून दुसऱ्या दिवशी आलं. ते थर्मलपेक्षा स्वस्त निघालं. महाग पडली ती मजुरी, कारण मेनिफोल्ड दोनदा उतरला. खर्च मांडताना वस्तूची किंमत आणि ती बसवण्याची मजुरी एकत्र धरायची असते. कॉमर्स शिकून मी तेवढंच विसरलो.

२०१६चा सिंहस्थ २२ एप्रिल ते २१ मे असा भर उन्हात झाला होता. पुढचा २०२८मध्ये आहे. तेव्हा आपल्या भागातल्या शेकडो गाड्या याच रस्त्याने रांगेत सरकतील. निघण्याआधी कूलंट, पंखा, होजपाइप आणि पट्टा बघून घ्या. उन्हात गाडी बंद पडण्याची कारणं आधी तिथे सापडतात.

आईची भस्मारती झाली. ती प्रसाद घेऊन परस्पर गॅरेजवर आली आणि पहिला मेकॅनिकच्या हातावर ठेवला.