सळईवरचा बुळबुळीत थर

कर्जतला उल्हास नदीच्या पात्रात उतरलात तर ओल्या दगडांवरून पाय घसरतो. तो बुळबुळीत थर म्हणजे शैवाल व जीवाणूंनी चिकट द्रव्यात थाटलेली वसाहत. तसाच थर माणसाच्या हाडातही जमू शकतो!

खालापूर तालुक्यातून मुंबई-पुणे रस्ता जातो. अपघातात हाड मोडून कातडीबाहेर आले, की जखमेत माती आणि जीवाणू शिरतात. हाड सांधण्यासाठी बसवलेल्या सळईवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे गोलाणू चिकटतात व थर विणतात. थरातले जीवाणू मंदावलेले असतात. वाढत्या जीवाणूंवर चालणारी औषधे त्यांच्यापुढे लंगडी पडतात.

आता हाडाकडे पाहा. तिथे बांधणाऱ्या आणि पोखरणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी सतत राबतात. जीवाणूंच्या विषांनी बांधणाऱ्या पेशी मरतात. उरलेल्या जे रासायनिक संदेश सोडतात त्यांनी पोखरणाऱ्या वाढतात. गवंडी थोडे, पाडणारे फार! हाड झिजते, सळई सैल होते. काही जीवाणू तर बांधणाऱ्या पेशींच्या पोटातच दडतात. म्हणून बरी वाटलेली जखम काही महिन्यांनी पुन्हा वाहू लागते, आणि मेलेले हाड खरवडून कित्येकदा सळईही काढावी लागते.

उघड्या अस्थिभंगात डॉक्टर जखम धुऊन प्रतिजैविक लगेच सुरू करतात ते याचसाठी. थर बसण्यापूर्वी जीवाणू सुटे असतात, औषधाला सहज बळी पडतात.