घर सोडल्यानंतरचा दिवस

थंडीच्या दिवसांत पुणे-नाशिक किंवा मुंबई-अहमदाबाद महामार्गावर सकाळी सकाळी पांढऱ्या वस्त्रांतल्या तीन-चार स्त्रिया रस्त्याच्या कडेने अनवाणी चालताना दिसतात. खांद्याला झोळी, हातात दांडा, काखेत लोकरीच्या दशांचा झाडू, म्हणजे ओघा. सोबत कधी चाकांच्या खुर्चीत एखाद्या वयोवृद्ध साध्वीजी असतात आणि खुर्ची ढकलणारी सेविका. या श्वेतांबर जैन साध्वी गाडीत बसत नाहीत, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण गाडीत न बसणे हे या जीवनाचे एक टोक झाले. त्याचा धागा धरून मागे गेले तर अख्खा दिवस उलगडत जातो.

दीक्षा घेताना अहिंसा, सत्य, अचौर्य, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह ही पाच महाव्रते घेतली जातात. यांतली अहिंसा फार खोलवर जाते. जैन विचाराप्रमाणे माती, पाणी, अग्नी, वारा आणि वनस्पती यांतही जीव आहेत. त्यामुळे साधू-साध्वींना चूल पेटवता येत नाही, नळ सोडता येत नाही, पंख्याचे बटण दाबता येत नाही, पानही तोडता येत नाही. स्वयंपाक करता येत नाही म्हणून अन्न मागून आणायचे. पैसे बाळगायचे नाहीत म्हणून विकत काही घ्यायचे नाही. घर नाही म्हणून मुक्काम दुसऱ्याच्या जागेत. म्हणजे ज्यांनी संसाराशी नाते तोडले, त्यांना रोज संसारी माणसाच्या दाराशी यावेच लागते. मला ही या व्यवस्थेतली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते. साधू गृहस्थापासून तुटत नाही आणि गृहस्थाला साधूचे जगणे रोज डोळ्यांसमोर दिसते.

ही भिक्षा, म्हणजे गोचरी, कशी चालते ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. दोन साध्वीजी लाकडी पात्रे झोळीत घालून निघतात. देरावासी, म्हणजे मंदिरमार्गी, साध्वी दारात ‘धर्मलाभ’ म्हणतात. घरातली बाई धावत येऊन वाढायला लागते, पण साध्वीजींचे डोळे आधी तिच्या हाताकडे जातात. हात नळाच्या पाण्याने ओला असेल, ती नुकतीच भाजी चिरत असेल, त्यांना पाहून तिने दिवा लावला किंवा गॅस बंद केला, तर त्या काही न घेता पुढे जातात, कारण त्यांच्यासाठी हिंसा घडली. घरात जेवणारी माणसे किती, हे विचारले जाते. मग इथे अर्धी पोळी, तिथे पळीभर वरण, पुढच्या घरी थोडा भात. कोणाच्याही ताटातले कमी पडू नये आणि मागून पुन्हा चूल पेटवावी लागू नये, हा हिशेब त्यात असतो. खास त्यांच्यासाठी रांधलेले घ्यायचे नाही, हा नियम सर्वांत कडक, आणि भाविकांच्या हौसेमुळे पाळायला सर्वांत अवघडही. पाणी उकळून गार केलेले लागते. मूर्तिपूजा न मानणाऱ्या स्थानकवासी परंपरेत धोवन, म्हणजे तांदूळ किंवा भांडी धुतलेले पाणीही चालते. आणलेले सगळे मुक्कामाच्या जागी, म्हणजे उपाश्रयात, गुरुणींना दाखवून मिळून खायचे. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाण्याचा घोटही नाही आणि उद्यासाठी शिल्लक ठेवणे नाही.

कोल्हापूर-सांगलीकडच्या मराठी जैनांना परिचयाची असलेली दिगंबर रीत याहून वेगळी आहे. दिगंबर मुनी वस्त्रही ठेवत नाहीत. मोरपिसांची पिंछी, कमंडलू आणि शास्त्रग्रंथ एवढेच त्यांच्याजवळ असते. दिगंबर साध्वी, म्हणजे आर्यिका, एकच पांढरी साडी नेसतात. दिवसातून एकदाच आहार. गावातली श्रावक कुटुंबे स्नान करून, शुद्ध वस्त्रे नेसून आपापल्या दारात उभी राहतात आणि मुनी दिसताच ‘नमोस्तु, अत्र तिष्ठ’ असे म्हणून त्यांना थांबण्याची विनंती करतात. मुनींनी मनात एखादा संकेत धरलेला असू शकतो: दारात कलश हाती घेतलेले दांपत्य असेल तरच थांबायचे, नारळ दिसला तरच थांबायचे. तो कोणाला सांगायचा नाही. संकेत जुळला नाही तर त्या दिवशी उपवास. जुळला तर मुनी उभ्यानेच ओंजळीत आहार घेतात. घासात केस किंवा किडा निघाला तर अंतराय झाला म्हणतात आणि जेवण तिथेच थांबते. पुढचा घास दुसऱ्या दिवशी. ही मुनिपरंपरा विसाव्या शतकात पुन्हा उभी करणारे आचार्य शांतिसागर बेळगाव भागातले. त्यांनी 1955 मध्ये कुंथलगिरी येथे सल्लेखना, म्हणजे आमरण उपवासाचे व्रत, घेऊन देह ठेवला.

उरलेल्या दिवसाला स्वाध्यायाचा कणा असतो. सकाळ-संध्याकाळ प्रतिक्रमण, म्हणजे झालेल्या दोषांची उजळणी. वस्त्रे आणि पात्रे रोज उलटून-पालटून तपासायची, त्यात किडा-मुंगी अडकलेली नाही ना हे पाहायचे. त्याला पडिलेहण म्हणतात. केस वाढले की वस्तरा नाही, कात्री नाही, बोटांना राख लावून ते हाताने उपटायचे. हा केशलोच. पावसाळ्यात जमिनीवर जीव फार, म्हणून आषाढापासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत एकाच गावी चातुर्मास. त्या काळात रोज प्रवचन होते आणि गावातली मुले येऊन सूत्रे शिकतात. बाकीचे आठ महिने पायी फिरणे, म्हणजे विहार. एका जागी फार दिवस राहिले की जागेवर आणि माणसांवर जीव जडतो, तो जडू द्यायचा नाही.

यात सेवा कुठे आली? इस्पितळ किंवा शाळा चालवणे हे परंपरेने साधूचे काम मानलेले नाही. पण आजारी, वृद्ध आणि नवदीक्षित सहकाऱ्यांची शुश्रूषा, म्हणजे वैयावृत्त्य, ही थेट तपात मोजली आहे. अंथरुणाला खिळलेल्या वडील साध्वींना पुसून काढणे, त्यांचे मलमूत्र उचलणे, त्यांच्यासाठी विहार थांबवून वर्षानुवर्षे एका गावी राहणे, हे त्यांच्या शिष्या करतात आणि तेही उपवासाइतकेच तप असते. समाजाची सेवा साधूंच्या प्रेरणेने गृहस्थ उभी करतात. पाथर्डी तालुक्यातल्या चिचोंडीत जन्मलेले आचार्य आनंदऋषी 1992 मध्ये गेले. अहिल्यानगरमध्ये आज त्यांच्या नावाचे मोठे रुग्णालय आहे.

ही चौकट मोडून पुढे गेल्या त्या आचार्य चंदनाजी. 1937 साली पुणे जिल्ह्यातल्या चासकमान येथे जन्मलेल्या या स्थानकवासी साध्वी बिहारमध्ये राजगीरला गेल्या. उपाध्याय अमरमुनींच्या प्रेरणेने त्यांनी वीरायतन ही संस्था उभारली, नेत्ररुग्णालय चालवले, शाळा काढल्या. कामासाठी वाहनही वापरले. त्यावर टीका झाली आणि नियमाच्या बाजूने ती चुकीचीही नव्हती. तरी दृष्टी परत मिळालेल्या माणसाला विचारले तर तो कोणाच्या बाजूने बोलेल हे उघड आहे. 1987 मध्ये त्या आचार्यपदावर बसल्या. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या जैन साध्वी मानल्या जातात. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. श्वेतांबरांतल्याच तेरापंथाने वेगळी वाट काढली. आचार्य तुलसींनी 1980 मध्ये समणींची श्रेणी सुरू केली. समणी व्रतस्थ असतात, मात्र त्यांना वाहनाने आणि विमानाने प्रवासाची मुभा असते.

स्त्रियांच्या स्थानाबद्दल बोलायलाच हवे. महावीरांच्या संघात 14,000 साधू आणि 36,000 साध्वी होत्या असे कल्पसूत्र सांगते. आजही श्वेतांबरांत साध्वींचीच संख्या जास्त आहे. असे असूनही रूढ नियमाप्रमाणे चाळीस-पन्नास वर्षांची दीक्षा झालेल्या साध्वींनी काल दीक्षा घेतलेल्या साधूला वंदन करायचे असते. साधूंमध्ये आपापसात ज्येष्ठता दीक्षेच्या वर्षांवरून मोजतात, वयावरून नाही. तोच न्याय साध्वींना लावला जात नाही, हे मला पटत नाही. बालदीक्षेबद्दलही तसेच. एवढे कठोर व्रत आयुष्यभरासाठी घ्यायचे तर ते घेणारी व्यक्ती सज्ञान असलीच पाहिजे.

विहार सूर्योदयानंतर करावा असा नियम आहे. पण उन्हाळ्यात तापलेल्या डांबरापासून पाय वाचवायला अनेक जथे उजाडायच्या आधीच निघतात, आणि भरधाव गाड्यांखाली साधू-साध्वी गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. पहाटे महामार्गावर पांढरी वस्त्रे दिसली तर वेग कमी करा आणि अंतर राखून जा. गाडीत बसण्याचा आग्रह करू नका, त्यांना तो मानता येत नाही. तुमचे गाव वाटेवर असेल तर शाळेची किंवा समाजमंदिराची एक खोली रात्रीपुरती उघडून द्या. दिवा-पंखा लावून ठेवायची गरज नाही.