बॅटरीचे ड्रिल निवडताना

भिंतीवर फळी बसवायची असो की खिडकीला पडद्याची दांडी लावायची असो, प्रश्न भोकापाशी येऊन थांबतो. पूर्वी सुताराचे गिरमिट मागून आणावे लागे. आता बॅटरीवर चालणारे ड्रिल बाजारात सहज मिळते. त्याला वायर नसल्यामुळे गच्चीवर, अंगणात, कोठेही काम करता येते. ही सोय १९७१ साली चंद्रावरही उपयोगी पडली. अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी अशाच बॅटरीच्या ड्रिलने सुमारे २.४ मीटर खोल जाऊन तेथील मातीचा नमुना काढला.

पण दुकानात गेल्यावर खोक्यांवरचे आकडे आपल्याला गोंधळात टाकतात. मोठा आकडा म्हणजे चांगले ड्रिल, असे समजून मीही एकदा फसलो. लाकडात ते झरझर चालले. पण खिडकीवरच्या काँक्रीटच्या तुळईवर नुसता पांढरा ठिपका उमटला! म्हणून हे आकडे आपण वर्गात शिकलेल्या भौतिकीच्या आधाराने वाचू.

प्रथम व्होल्ट घेऊ. या बॅटरीत लिथियम-आयन घट एकसरीत जोडलेले असतात. एका घटाचे सरासरी विभवांतर सुमारे ३.६ व्होल्ट असते. पाच घटांचे झाले १८ व्होल्ट. नुकत्याच भारलेल्या घटाचे विभवांतर मात्र ४ व्होल्टच्या थोडे वर जाते. त्यामुळे त्याच बॅटरीवर कोणी '१८ व्होल्ट' छापतो, तर कोणी '२० व्होल्ट मॅक्स'. दोन व्होल्टसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. तीन घटांच्या १०.८ व्होल्टच्या बॅटरीवर '१२ व्होल्ट मॅक्स' असते, ते यामुळेच.

बॅटरीत ऊर्जा किती हे कळण्यासाठी व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणा. १८ व्होल्ट आणि २ अँपिअर-तास म्हणजे ३६ वॉट-तास, म्हणजेच १,२९,६०० ज्यूल. ५० किलोग्रॅम वस्तुमानाच्या विद्यार्थ्याला १० मीटर उंच नेण्यास सुमारे ४,९०० ज्यूल लागतात. म्हणजे ही मुठीएवढी बॅटरी त्याला सव्वीस वेळा तिसऱ्या मजल्यावर नेण्याइतकी ऊर्जा बाळगून असते!

आता पिळाचा आकडा. '३० न्यूटन-मीटर' म्हणजे ३० सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकाला १०० न्यूटन बल लावल्यावर जेवढा पीळ बसेल तेवढा. त्याच खोक्यावर 'मिनिटाला ४०० फेरे' असेही असते. दोन्ही एकाच वेळी मिळतील का? हिशेब करा. एका फेऱ्यातले कार्य २ × ३.१४ × ३० = १८८ ज्यूल. सेकंदाला ६.६७ फेरे, म्हणजे शक्ती सुमारे १,२५० वॉट. त्यासाठी १८ व्होल्टच्या बॅटरीतून जवळजवळ ७० अँपिअर धारा वाहावी लागेल! घरगुती ड्रिलच्या छोट्या बॅटरीला हे झेपणारे नाही. खरे असे, की कमाल पीळ ड्रिल अडून थांबू लागते तेव्हाचा, आणि कमाल फेरे ते मोकळे फिरते तेव्हाचे. प्रत्यक्ष काम या दोहोंच्या मध्ये चालते.

मग माझ्या तुळईचे काय? लाकूड आणि पत्रा धारेने कापला जातो. वीट आणि काँक्रीट ठोक्यांनी फुटते. तेथे नुसता पीळ उपयोगाचा नाही. विटांच्या भिंतीसाठी ठोके देणारे, म्हणजे हॅमरची सोय असलेले ड्रिल आणि टंगस्टन कार्बाइडच्या टोकाचे बिट हवे. काँक्रीटसाठी तर जोरदार ठोके देणारे रोटरी हॅमर हे वेगळे यंत्रच लागते.

म्हणून आधी काम ठरवा, मग यंत्र. स्क्रू पिळणे आणि लाकडाची किरकोळ कामे एवढेच असेल, तर १२ व्होल्टचे हलके ड्रिल पुरते. भिंतीची कामे वरचेवर असतील, तर १८ व्होल्टचे हॅमरवाले घ्या. दोन गतींची सोय पाहा: स्क्रू पिळण्यास मंद, भोकासाठी जलद. वर्षाकाठी दोनचार भोकेच पाडायची असतील, तर शेजाऱ्यांचे मागून आणणे उत्तम!

शेवटी एक इशारा. न्यूटनचा तिसरा नियम मनगटालाही लागू आहे. बिट अडकले, की तोच पीळ उलट दिशेने तुमच्या हातावर येतो. यंत्र घट्ट धरा, डोळ्यांना चष्मा लावा, मोठ्या माणसांना जवळ बोलवा. विजेच्या बटणांच्या सरळ वर, खाली वा बाजूला भोक पाडू नका; भिंतीच्या आत तेथून बहुधा तारा गेलेल्या असतात. आणि पुढच्या खेपेस दुकानात गेलात, की खिशात पेन्सिल आणि कागदाचा कपटा जरूर ठेवा!