ट्रक-बसचा मेकॅनिक व्हायचंय?

ट्रक-बसचे ब्रेक हवेवर चालतात. हँडब्रेकचं काम मात्र मागच्या ब्रेक चेंबरमधली दणकट स्प्रिंग करते. हवेचा दाब तिला दाबून धरतो. हवा गळाली की स्प्रिंग सुटते आणि चाकं जखडतात. ही स्प्रिंग बोल्टने आवळून धरल्याशिवाय चेंबर कधीही उघडू नये; ती उसळली तर माणूस जिवानिशी जातो. गॅरेजात आलेल्या नव्या पोराला उस्तादाने पहिल्याच दिवशी हे सांगायलाच हवं.

या कामात शिरायचं तर दहावीनंतर आयटीआयचा ‘मेकॅनिक डिझेल’ हा एक वर्षाचा ट्रेड करावा, मग अप्रेंटिसशिप. एसटीच्या कार्यशाळांतही ती करता येते. एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुरासाठी बीएस-६ हे प्रदूषण नियम आले. आता एक्झॉस्टमधला सेन्सर बिघडला तरी गाडीची ओढ कमी होते, आणि तो दोष शोधायला स्कॅनर लावावा लागतो.