‘झेले’, ‘गाइस्ट’ आणि आत्मा : स्टायनर यांच्या ध्यानविचारातील एक संज्ञाप्रश्न

पाश्चात्त्य गूढविद्येचा विचार मराठीत मांडताना ‘सोल’ या संज्ञेसाठी ‘आत्मा’ हा प्रतिशब्द सहजच योजिला जातो. रुडॉल्फ स्टायनर (१८६१-१९२५) यांच्या अँथ्रोपॉसॉफीच्या संदर्भात मात्र ही योजना मूळ सिद्धान्तालाच बाध आणते.

स्टायनर १९०२ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या जर्मन शाखेचे सरचिटणीस झाले. कृष्णमूर्तींना जगद्गुरू मानण्याच्या प्रश्नावरून मतभेद तीव्र होऊन १९१२-१३ मध्ये ते विभक्त झाले. तत्पूर्वी, १९०४ च्या ‘थिऑसॉफी’ या ग्रंथात त्यांनी मनुष्याचे देह, ‘झेले’ व ‘गाइस्ट’ असे त्रिविध स्वरूप प्रतिपादिले होते. देह आनुवंशिकतेच्या, झेले स्वनिर्मित कर्माच्या, तर गाइस्ट पुनर्जन्माच्या नियमाधीन होय. संवेदना, सुखदुःख, इच्छा व विचार हे झेलेचे क्षेत्र. अर्थात ती परिवर्तनशील आहे.

ध्यानप्रक्रियेतून हाच भेद अधिक स्पष्ट होतो. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या गूढविद्येच्या रूपरेषेत त्यांनी काळ्या क्रूसावरील सात तांबड्या गुलाबांचे ध्यान सांगितले आहे. काळा क्रूस हा नष्ट झालेल्या हीन वासनांचे, तर गुलाब हे शुद्ध झालेल्या प्रवृत्तींचे प्रतीक होय. प्रथम साधक ही प्रतिमा चित्तात स्थिर करतो. नंतर प्रतिमा विसर्जित करून ती निर्माण करणाऱ्या आंतरिक क्रियेवर लक्ष केंद्रित करतो. अखेरीस ती क्रियाही सोडून देतो. या पायऱ्यांना अनुक्रमे इमॅजिनेशन, इन्स्पिरेशन व इंट्यूशन अशी नावे आहेत. येथे संस्कार घडतो तो झेलेवर. वेदान्तातील निर्विकार आत्म्यावर असा संस्कार संभवत नाही. त्यामुळे ‘आत्म्याची शुद्धी’ असे भाषांतर केल्यास वाक्य व्याघातदोषास पात्र ठरते.

शिवाय, याच ग्रंथात स्टायनर गाइस्टच्या तीन अंगांशी मनस्, बुद्धी व आत्मा या पौर्वात्य संज्ञांची सांगड घालतात. म्हणजे त्यांच्या रचनेत ‘आत्मा’ हे सर्वोच्च अंगाचे नाव आहे. झेलेलाही तेच नाव दिल्यास दोन भिन्न पातळ्या एकरूप होतात आणि साधनेचा क्रमच लोपतो.

‘अंतःकरण’ हा पर्याय अधिक जवळचा. तथापि तोही निर्दोष नाही. वेदान्तात अंतःकरण जड मानले जाते, तर झेलेचे उच्चतम अंग स्टायनर सत्याचे ग्रहण करणारी चेतना मानतात. यास्तव मूळ संज्ञा राखून तिचे विवरण देणे, हाच अभ्यासकाला श्रेयस्कर मार्ग होय.