घरच्या कढईत कोरियन मशरूम

सुरतच्या पर्वत पाटियातल्या मराठी मंडळींनो, कोरियन जेवण म्हणजे मांस-मच्छीच असं समजू नका. तिथे भाताबरोबर परतलेल्या मशरूमची भाजी तोंडीलावणं म्हणून असते, आणि ती आपल्या कढईत सहज जमते.

पाव किलो बटन मशरूम ओल्या फडक्याने पुसून जाड चिरा. धिंगरी (ऑयस्टर मशरूम) मिळाली तर फारच उत्तम. खरी गंमत आचेत आहे. लोखंडी कढई सणसणीत तापवा, चमचाभर तेलावर मशरूम एका थरात पसरा. मीठ अजिबात नको! आधी पाणी सुटेल, ते आटून कडा तांबूस झाल्या की मगच कांदा, गाजर, सिमला मिरचीचे उभे काप आणि ठेचलेला लसूण घाला. दोन मिनिटं परता; भाज्या करकरीत राहायला हव्यात. वरून मोठा चमचाभर सोया सॉस, चिमूटभर साखर, लाल तिखट.

कोरियात शेवटी भाजलेल्या तिळाचं तेल घालतात. आपलं घाण्याचं तेल बहुधा कच्च्या तिळाचं, त्याला तो वास नाही. म्हणून तीळ खमंग भाजून, जाडसर कुटून गॅस बंद केल्यावर घाला.

सोबत विकतची किमची, म्हणजे भाज्यांचं आंबवलेलं कोरियन लोणचं, आणणार असाल, तर शाकाहारी मंडळींनी लेबल जरूर वाचा. तिच्यात बऱ्याचदा माशाचा सॉस असतो.