बाभळीचे चाक

बाभळीचा ओंडका आडवा कापला की त्यात दोन लाकडे दिसतात. कडेचे पांढुरके-पिवळट, त्याला भुंगा लागतो. आतला तांबूस गाभा मात्र ऊन, पाऊस आणि वाळवी सोसतो. जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात गोदाकाठच्या एका सुतारमेटावर मिस्त्रींनी मला आधी हेच दाखवले. बैलगाडीला लागतो तो गाभा, आणि तो भरायला झाड पंधरा-वीस वर्षांचे व्हावे लागते.

ओले लाकूड कुणी लगेच कामाला घेत नाही. पूर्वी ओंडके कित्येक महिने डोहात बुडवून ठेवत. पाण्याने लाकडातले सत्त्व निघून जाते आणि किडीला खायला काही उरत नाही. मग ते सावलीत वाळवायचे. वाळलेली बाभूळ घनमीटरला साधारण 800 किलो भरते, साग 650च्या आसपास. कठीणपणात ती सागाच्या जवळपास दीडपट. वाकस मारली की ढलपी छोटीच निघते आणि हत्याराला पुन्हा पुन्हा धार लावावी लागते. पण तिच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यामुळे भरली गाडी खड्ड्यात आदळली तरी बाभूळ सहसा चिरत नाही. रंधा घ्यायला साग बरा, मार खायला बाभूळच.

चाक बांधताना हे नीट कळते. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे आणि त्यांच्यावर बसवलेले पुठे. बहुतेक चाकांना सहा पुठे आणि बारा आरे, म्हणजे एका पुठ्यात दोन. आरा खाचेत घट्ट बसेपर्यंत मिस्त्री पटाशीने केसभर केसभर लाकूड काढतात. खिळा कुठेच नाही.

चाकाला एकजीव करते ती लोखंडी धाव. ती मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान ठेवतात. गोवऱ्यांच्या आरावर सुमारे साडेचार मीटर घेराची धाव चारशे अंशांनी तापली की दोनेक सेंटिमीटर वाढते. चिमट्यांनी उचलून ती चाकावर चढवतात, घण घालतात आणि लाकूड पेट घेण्याआधी पाणी ओततात. वाफ उठते, धाव आकसते आणि प्रत्येक आरा तुंब्यात करकरत रुततो.

हेच झाड नांगराला, कुळवाला, जुवाला लाकूड देते. साल चामडे कमवायला, डिंक बाळंतिणीच्या लाडवांना, शेंगा शेळ्यांना. आफ्रिकेतही ते मूळचे. शास्त्रीय नावातले ‘निलोटिका’ नाईल नदीवरून आले आहे. बाभळीच्या आखूड फळ्या विटांसारख्या रचून इजिप्तचे लोक नाईलवरच्या नावा बांधत, असे हिरोडोटसने अडीच हजार वर्षांपूर्वी नोंदवले आहे.

आज जालना ओळखले जाते ते सळयांच्या कारखान्यांसाठी. उसाच्या हंगामात टायरगाड्या धावतात, लाकडी चाकाची मागणी उरली नाही. बांधावरची बाभूळही सावलीने पीक दबते म्हणून तोडली जाते, आणि पडीक जागेत वेडी बाभूळ माजते. त्या झुडपातून तुंबा निघत नाही. गाड्या परत येणार नाहीत, हे मान्य. पण मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देणारे, दुष्काळात शेळ्या जगवणारे आणि अवजारांना दांडा पुरवणारे गावठी झाड या जिल्ह्याला आजही हवे आहे. एका बांधावर दोन बाभळी राखल्या, तरी पुढच्या पिढीच्या हाताशी हे लाकूड राहील.